खोक्यातला शेठ

खोक्याच्या काठावर आधी चार बोटं आली. मग कपाळ, मग दोन डोळे. आणि कुणाला काही कळायच्या आत बाळ काठाला धरून सरळ उभं राहिलं.

आईच्या मशीनखाली कॉलर अर्धी शिवून झाली होती. तिने पायडलवरचा पाय न काढता डावा हात लांब केला आणि त्याचं डोकं खाली दाबलं. बाळाला वाटलं, खेळ आहे. ते खिदळलं आणि पुन्हा उभं राहिलं. या खेपेला एक हात सोडून.

"अगं बाई! शेठ उभे राहिले!" शेजारी कापडाच्या कडा शिवणारी ओव्हरलॉकवाली ओरडली. "बघतेस काय नुसती? उभा राहिला गं तुझा लेक!"

शेठ हे नाव बायकांनीच ठेवलेलं. दिवसभर कात्रणांच्या गादीवर लोळायचं, काम शून्य, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीने वाकून सलाम ठोकायचा. म्हणून शेठ.

ओरडणारीच्या मनात वाईट काही नव्हतं. आनंद झाला की माणूस ओरडतं. पण कपडे शिवायच्या त्या शेडमध्ये आनंदाने ओरडणं आणि चहाडी करणं यात फरक नव्हता.

"गप," आई म्हणाली. "गप बस गं, पाया पडते तुझ्या."

तोवर उशीर झाला होता. एक मशीन थांबली, मग पलीकडची, मग रांगच्या रांग. बायका माना उंच करून बघायला लागल्या. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. मशिनी घरघरत असल्या की सुपरवायझरला जग सुरळीत चाललंय असं वाटायचं. आवाज थांबला की तो असेल तिथून उगवायचा.

त्याचा नियम सरळ होता. पोर पडून राहील तोवर आणायचं. हिंडाय-फिरायला लागलं की बंद. सुया, कात्र्या, वायरी. उद्या काही झालं तर निस्तरणार कोण? बाही लावणारीचं पोर एकदा रांगत रांगत कटिंग टेबलाखाली गेलं होतं. मायलेक त्याच दुपारी गेटबाहेर. आणि शेठच्या घरी पोर सांभाळायला एक कुलूप होतं, दुसरं कुणी नव्हतं.

म्हणून आई त्याला वाढू देत नव्हती. लाज वाटायचीच असेल तर ती आणखी कुणाला तरी वाटायला हवी. तिला तेवढी सवड नव्हती. घरी ते पलंगाला धरून उठलं की ती गुडघ्यावर चापट मारून बसवायची. हल्ली चापटही लागत नव्हती. डोळे मोठे केले की भागायचं. लस टोचणाऱ्या नर्सने विचारलं होतं, "पाय तर चांगले दणकट आहेत, मग रांगत कसा नाही अजून?" हिने सांगून टाकलं, "आळशी आहे. बापावर गेलाय."

"कोण उभं राहिलं?" सुपरवायझर रांगेच्या तोंडाशी येऊन म्हणाला.

उंच झालेल्या माना पटापट खाली गेल्या.

"मी उभी राहिले साहेब," काज-बटणवाली मावशी मागून म्हणाली. "कंबर आखडली होती. बसू का आता?"

दोघी-तिघी फिस्सकन हसल्या. तो हसला नाही. खोक्यापाशी आला, काखेत हात घालून बाळाला उचललं आणि फरशीवर ठेवलं. एक स्टूल त्याच्यापुढे सरकवलं.

"धर बघू. हं, धर. आम्हालाही दाखव की."

"त्याला येत नाही साहेब," आई म्हणाली. "पायात जोरच नाही त्याच्या."

पोटच्या पोराबद्दल असं अभद्र बोलताना तिची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

बाळाने स्टूल धरलं. गुडघे थरथरले, मग ताठ झाले. ढुंगण फरशीवरून वर उचललं गेलं. ओव्हरलॉकवालीने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता. बाळ पुरतं उभं राहायला वीतभर उरलं आणि शाबासकी मागावी तसं त्याने आईकडे पाहिलं.

आईने त्याच्याकडे पाहिलं.

त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. हात सुटले. ते मुकाट खाली बसलं. रडलंसुद्धा नाही.

सुपरवायझरने बुटाच्या टोकाने स्टूल जागेवर सारलं. खूश दिसत होता.

"गरीब आहे हो पोरगं," तो म्हणाला. "गुणी आहे. असंच राहू दे त्याला. मोठा झाला की इथंच लावून घेऊ."

"उपकार झाले साहेब," आई म्हणाली.

मशिनी सुरू झाल्या. ओव्हरलॉकवालीने नंतर मान वर केली नाही. आईने बाळाला उचलून कात्रणांत बसवलं, त्याच्या हातात दोऱ्याची रिकामी बॉबिन दिली आणि अर्धी राहिलेली कॉलर सुईखाली ओढली.

थोड्या वेळाने खोक्याच्या काठावर पुन्हा चार बोटं आली.

तिने मान वळवली. डोळे मोठे करावे लागले नाहीत. बोटं आपणहून खाली गेली.