दांडीचा काटा

केल्विनने आपल्या बंदुकांच्या दुकानात, काउंटरवर दोन वजनकाटे शेजारी शेजारी ठेवले. एक डिजिटल, हिरव्या आकड्यांचा. दुसरा जुन्या घडणीचा, दांडीचा. दांडीच्या एका टोकाला इवलंसं पारडं, दुसऱ्या टोकाला सुई, आणि खाचांमधून सरकणारी दोन पितळी वजनं.

“हा घ्या,” डिजिटलवर बोट ठेवत तो म्हणाला. “बंदुकीची दारू चिमूटभर टाकली की लगेच आकडा. आणि केवढा मोठा! सांग बरं लिंडसे, आत्ता किती दाखवतोय?”

लिंडसे नोस्केने वाकून पाहिलं. आकडे ठसठशीत होते, स्वच्छ होते. त्याला त्यातलं काही कळेना.

“दुकान तुझं, काटा तुझा, आणि वाचायचं मी? मग तू कशाला बसलायस इथे?”

केल्विन खदाखदा हसला. लिंडसेची बायको मर्ल हसली नाही. ती दांडीच्या काट्याचं पारडं बोटावर तोलून बघत होती.

फेब्रुवारीत लिंडसेला पक्षाघाताचा हलका झटका आला होता. बोलणं परत आलं, हात परत आला, थट्टेखोरपणा तर एक दिवसही गेला नव्हता. परतले नाहीत ते फक्त आकडे. तीन, पाच, आठ त्याला एकाच घरच्या भावंडांसारखे दिसत. कोण कोणता ते ओळखू येत नसे. डॉक्टरांच्या प्रश्नांतून तो विनोद करून निसटला. मर्लला तर बोललाच नाही. अडतीस वर्षं त्यांची वाटणी ठरलेली होती. शेडमध्ये बसून काडतुसं भरायची त्याने, आणि शनिवारी नेमबाजी क्लबच्या मैदानावर ती झाडायची तिने. ऑस्ट्रेलियातल्या विमेराच्या त्या शेतीपट्ट्यात तिच्या तोडीचे नेमबाज मोजकेच होते, आणि ती सगळ्यांना सांगायची, “नेम माझा नाही, त्याच्या हाताचा.”

तीन शनिवारांपूर्वी तिच्या रायफलची नळी मागून बंद करणारा बोल्ट गोळी सुटल्यावर अडकून बसला. लाकडी हातोड्याने ठोकून उघडावा लागला. क्लबच्या कॅप्टनने रिकामी पुंगळी उजेडात धरली आणि तो गंभीर झाला. “दारू जास्त पडलीय. नशीब म्हणायचं, मर्ल.” तिचा गाल त्या बोल्टपासून चार बोटांवर होता. “काटा बिघडलाय,” लिंडसे पटकन म्हणून गेला. तेव्हापासून त्याने एकही काडतूस भरलं नव्हतं, आणि नीट जेवलाही नव्हता.

“दांडीचा दे,” मर्ल म्हणाली.

केल्विनने डोळे विस्फारले. “अगं, हे म्हणजे ट्रॅक्टर विकून घोडा आणण्यासारखं झालं!”

“घोड्याची बॅटरी संपत नाही.”

“जरा वारा आला की सुई हलते यावर.”

“शेडला दार आहे.”

“वेळ लागतो, मर्ल. एकेका काडतुसाला वेळ लागतो.”

“आम्हा दोघांना कुठे गाडी पकडायचीय?”

“गेल्या वेळी तूच डिजिटल नेला होतास. दांडीचा जमाना गेला म्हणालीस, याच काउंटरवर!”

“तेव्हा मी तरुण होते,” मर्ल म्हणाली. “आता अक्कल आलीय. बांध.”

लिंडसेला आधी सुटल्यासारखं वाटलं, मग त्या सुटण्याचीच लाज वाटली. त्याने खोका उचलला आणि गाडीत नेऊन ठेवला.

शेडमध्ये मर्लने दार लावलं, पंखा बंद केला, चष्मा चढवला. तो हात पुढे करण्याआधीच तिने दारूच्या मापांचं पुस्तक उघडून पितळी वजनं खाचांत बसवली. दोनदा पडताळून पाहिली. “वजनं मी लावते. तुझी बोटं जाड आहेत, खाच चुकशील. तू आपला ओत.”

तो ओतू लागला. पारडं दबलं, सुई डुलली, मंदावली आणि रेषेवर येऊन थांबली. तिथे वाचायचं काही नव्हतं. रेषेवर आली की आली. किंचित वर राहिली तर दाणा दाणा काढायचा, खाली राहिली तर दाणा दाणा टाकायचा. त्याच्या हाताला सगळं आठवत होतं. त्या दुपारी दोघांनी चाळीस काडतुसं भरली, आणि लिंडसेने कितीतरी दिवसांनी मटण दोनदा वाढून घेतलं.

शनिवारी हवा स्थिर होती. मातीच्या बांधापलीकडे कनोलाचं तेलबियांचं पीक पिवळंधमक फुललं होतं. मर्ल चटईवर पालथी पडली, डब्यातलं पहिलं काडतूस घेऊन तिने रायफलमध्ये सरकवलं. लिंडसे नेहमीसारखा मागे दुर्बिणीशी बसला होता. दारू बरोबर आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी तिचा गाल रायफलच्या लाकडी दस्त्याला टेकला तसा तो ताडकन उठला.

“थांब, मर्ल.”

तिने काडतूस बाहेर काढलं, रायफल खाली ठेवली आणि उठून बसली. तो तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला. टोपी काढून त्याने हातात चुरगाळली.

“जुना काटा बिघडला नव्हता,” तो म्हणाला. “बिघडलोय मी. आकडे दिसतात गं, पण वाचता येत नाहीत. फेब्रुवारीपासून. तुझा जीव गेला असता आणि मी दोष दिला त्या डबड्याला.”

शेजारच्या चटईवर कुणीतरी गोळी झाडली. आवाज विरेपर्यंत मर्ल थांबली. मग तिने त्याच्या हातातली टोपी घेतली, झटकली आणि त्याच्या डोक्यावर नीट बसवली.

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “म्हणून तर दांडीचा घेतला.”