झिजलेली बाजू

वडील जाऊन वर्ष झाल्याच्या जेवणाला नारीनचं सगळं खोरं लोटणार होतं. त्यांची, सापारबेक शिकाऱ्याची, बंदूक भिंतीवर अशी कळकट कशी टांगायची, म्हणून मेलिस अंगणात बसून तिच्या अक्रोडाच्या दस्त्यावरचं जुनं वार्निश काचेच्या तुकड्याने खरवडत होता. मधेच त्याचा हात थांबला. बंदूक उजव्या खांद्याला लावली की गाल दस्त्याच्या डाव्या बाजूला घासतो. इथे डावी बाजू कोरी करकरीत होती आणि झीज सगळी उजवीकडे. त्याने बंदूक उलटसुलट करून पाहिली, खांद्याला लावून पाहिली. काही केल्या मेळ बसेना.

"आई, बाबा डावखुरे होते का गं?"

"छे." आई पाहुण्यांसाठी तळायच्या बोरसोक-पुऱ्यांचं पीठ मळत होती.

"मग लांडग्यावर नेम कसा धरायचे?"

"कुठला नेम? ते घोडा धरायचे."

"बंदुकीचा?"

"माझा," आई म्हणाली, आणि डाव्या हाताने लाटणं उचललं. "ती उजवी बाजू फार घासू नकोस. गाल बसायचा नाही."