वर बघायचं

“वर बघ, हॅटी. जमीन कुठे पळून जात नाही,” चिअरलीडर मुलींना शिकवणाऱ्या डग्गनबाई करवादल्या.

हॅटी लूमिसने मान वर केली. तिच्या दोन्ही तळहातांत ब्रिनचा उजवा बूट होता, समोरच्या मुलीच्या हातांत डावा. तिसरी मुलगी मागून घोटे धरून उभी होती. आणि तिघींच्या डोक्यावर ब्रिन ओकली हात पसरून हसत होती. ते हसू प्रेक्षकांसाठी होतं. हॅटीच्या वाट्याला नुसता बुटाचा तळ.

चिअरलीडर व्हायचं म्हणजे रंगीत झुबके हलवायचे आणि गोड दिसायचं, अशी तिची समजूत होती. निवड झाली तेव्हा आईने अर्ध्या गावाला फोन केले. मग कळलं, ही दणकट पोरगी तळाला लागणार. महिन्याभरात मनगटांवर ओरखडे आले, खांदे भरून आले. डग्गनबाईंचे नियम दोनच. खालचीने वरचीवरून नजर काढायची नाही. वरचीने खाली बघायचं नाही, बघितलं की तोल गेलाच. नवी मुलगी महिनाभर कच्ची, आणि कच्चीच्या चुकीने कुणी पडलं तर तिने सोमवारी गणवेश धुऊन परत आणायचा, म्हणजे संघाबाहेर.

ब्रिन तर खाली कधीच बघायची नाही. जमिनीवर असतानासुद्धा नाही, असं हॅटीला वाटायचं. महिन्यात तिच्याशी बोलली ती एवढंच, “घट्ट धर.”

शनिवारी दुपारी बास्केटबॉलचा सामना होता. कच्चेपणाचा शेवटचा दिवस. हॅटीचे बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, महिन्यातून तीन दिवस घरी. ते आज परस्पर शाळेत येणार होते.

“तळाला असते मी. दिसणारसुद्धा नाही तुम्हाला,” ती फोनवर म्हणाली होती.

“तू नसलीस दिसत तर मी दिसेन,” बाबा म्हणाले होते. “हात हलवतो. कळेल तुला मी आलोय ते.”

मध्यंतरात चौघी मैदानावर आल्या. एक, दोन, आणि ब्रिन वर गेली. टाळ्या पडल्या. बाहेर सकाळपासून बर्फ पडत होता आणि बाबा पोचलेत की रस्त्यातच अडकलेत, याने हॅटीचा जीव वरखाली होत होता. फक्त एकदा बघू, असं म्हणून तिने मान वळवली. पहिली रांग, दुसरी रांग. हात कुठेच हलत नव्हता.

तेवढ्यात तळहातातला बूट थरथरला आणि निसटला. हॅटीने कसंबसं अंग पुढे झोकलं. ब्रिन तिच्यावर आदळली, तिचं कोपर हॅटीच्या ओठावर बसलं आणि दोघी लाकडी फरशीवर आडव्या झाल्या.

कुणाचं हाड मोडलं नाही. डग्गनबाईंनी आधी दोघींचे हातपाय चाचपले, डोळ्यांत बघितलं, आणि मग विचारलं, “कोण चुकलं?”

हॅटीने रक्त गिळलं आणि तोंड उघडलं.

“मी,” ब्रिन म्हणाली. “खाली बघितलं.”

“तू? तीन वर्षांत पहिल्यांदा? सोमवारी दहा फेऱ्या मारायच्या.”

पाण्याच्या नळाशी हॅटीने तिला गाठलं. “मला वाचवायला खोटं कशाला बोललीस?”

“खोटं कुठे बोलले? बघितलंच की.” ब्रिनने नळाखाली मनगट धरलं. “रोज पाय लटपटतात माझे. आज जरा जास्तच. म्हटलं, तुझं तोंड दिसलं की बरं वाटेल. तर तुझी वेणी दिसली.”

सगळं गाव जिच्याकडे बघतं, तिला बघायला आपल्याशिवाय कुणी नव्हतं, आणि नेमके तेव्हाच आपण तिथे नव्हतो. हॅटीला फार लाज वाटली.

“पुन्हा चढशील?” तिने विचारलं.

“तू धरशील?”

सामन्यातल्या शेवटच्या विश्रांतीत चौघी पुन्हा उभ्या राहिल्या. ब्रिन वर गेली. या खेपेला तिला खाली बघावं लागलं नाही.

सामना संपला. गर्दीतून वाट काढत बाबा आले. टोपीवर बर्फ वितळत होता. त्यांनी लेकीचा सुजलेला ओठ बघितला, पण आधी बोलले ते दुसरंच.

“मध्यंतर हुकलं गं माझं, रस्ता बंद होता. पण शेवटी बाकावर उभा राहिलो आणि दोन्ही हात हलवले. मागचे लोक बसा, बसा म्हणून ओरडत होते, तरी हलवत होतो. तुला दिसलो ना?”

“नाही, बाबा,” हॅटी म्हणाली, आणि सुजल्या ओठाने पहिल्यांदाच मनापासून हसली. “मी तिकडे बघितलंच नाही.”