तलवारींखालची पाटी
गोपिका सहा महिन्यांपासून लेकीच्या जुन्या पुस्तकांवरून वाचायला शिकत होती. चारचौघांत मात्र अजून वाचलं नव्हतं. सुट्टीत सावनेरहून सगळे नागपूर बघायला आले. अजब बंगल्याच्या संग्रहालयात नवरा धाकट्याला भुसा भरलेला वाघ दाखवायला गेला. ती लेक अपेक्षासोबत तलवारींपाशी थांबली. सवयीप्रमाणे अपेक्षा पाटी वाचू लागली. "आज मले वाचू दे वं," गोपिका म्हणाली. काचेवर बोट ठेवून ती अक्षरं लावू लागली. 'भोसलेकालीन' जमलं, 'शस्त्रे'पाशी अडलं. मागे रांग खोळंबली. "सरका ना ताई, फोटो काढायचा आहे," एक गृहस्थ म्हणाले. ओशाळून ती बाजूला होणार, तोच अपेक्षानं तिचा हात धरला. "थांबा काका. माही माय वाचून राहिली." गृहस्थ थांबले. गोपिकानं शब्द फोडला, जोडला, मोठ्यानं वाचला आणि पुढच्या पाटीकडे वळली. रांग तिच्याच चालीनं सरकली.