कोण तुम्ही त्यांच्या?

डोंगरे सरांच्या फोटोला नमस्कार करून विभावरी निघणार, तोच सरांच्या पत्नीने तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"तुम्हाला इथे कुणी ओळखत नाही. दर गुरुवारी ते रत्नागिरीला जायचे. तुमच्याकडेच ना?"

विभावरी मानसोपचारतज्ज्ञ होती. सर तिच्याकडे उपचार घ्यायचे, पण हे घरी कळता कामा नये, असा शब्द त्यांनी पहिल्याच भेटीत तिच्याकडून घेतला होता. माणूस गेला म्हणून त्याचं गुपित मोकळं होत नाही. कायदाही तेच सांगत होता आणि तिचं मनही.

"वहिनी, तुम्ही समजता तसं काही नव्हतं."

"मग कसं होतं? कोण तुम्ही त्यांच्या?"

उत्तर साधं होतं आणि तेच देता येत नव्हतं. वहिनींचा आवाज एकदम खाली आला.

"तुमच्याशी तरी बोलायचे का? माझ्याशी कधी मन मोकळं केलंच नाही हो त्यांनी."

विभावरीने नुसती होकारार्थी मान हलवली. वहिनी भिंतीला टेकून रडू लागल्या. तिने पुढे केलेला हात त्यांनी झिडकारला.

"जा तुम्ही. आणि तेराव्याला येऊ नका."

परतताना एसटीत तिचे डोळे सारखे भरून येत होते. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "चेहरा का असा उतरलाय? कुणी गेलं का?"

"नाही," ती म्हणाली आणि तोंड धुवायला गेली.