सशाचं शेवटचं वजन

आमच्या घरात कशाचाही धडा होतो. नळ गळला की धडा, दूध नासलं की धडा. आई आम्हा बहिणींना शाळेत न घालता घरीच शिकवते. रोजच्या जगण्यातून म्हणे! आज सकाळी पिंजऱ्यात आमचा ससा मरून पडलेला दिसला. धाकटी हमसून हमसून रडायला लागली. मी त्याला टॉवेलात गुंडाळत होते, तोच आई स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन आली. दर सोमवारी त्यावर सशाचं वजन करून आम्ही फ्रिजवरच्या तक्त्यात लिहायचो. “अंदाज सांगा, मेल्यावर वजन बदलतं का?” तिनं विचारलं. धाकटीनं रडत रडतच सवयीनं पेन्सिल उचलली. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काटा हिसकावून भिंतीवर आपटला. “हे काय वागणं झालं?” आई ओरडली. मी म्हणाले, “शाळेतल्या मुली घंटा झाली की घरी जातात. आम्ही कुठे जायचं?”