मागाचा खड्डा

ईश्वरप्पांनी खोलीचं दार स्वतःच सताड उघडून दाखवलं. आत काहीच नव्हतं. भिंतींना नवा चुना, जमीन ताजी सारवलेली.

"बघा की रावसाहेब. ही आमची सरकीची खोली. हितं भाडेकरू कधी ठेवलाच न्हाय."

प्लेगचा कॅम्प उठून चार दिवस झाले होते. माळावरून परतलेल्यांना आपापल्या खोल्या मिळतात की नाही, हे बघायला म्युनिसिपालटीचा कारकून यादी घेऊन हिंडत होता. चिमाबाईचं नाव यादीत होतं. पण भाडेपावती कॅम्पात अंथरुणाबरोबर जळाली होती आणि शेजारपाजार अजून गावाकडून परतला नव्हता. तिच्या बाजूनं बोलायला एकटा मकदूम आला होता, कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिणारा. हे काम तो फुकट करत होता, म्हणूनच की काय, आज जरा जास्तच मोठ्यानं बोलत होता.

चिमाबाई उंबऱ्यात उभी. हे सगळं दुसऱ्याच कुणाच्या खोलीबद्दल चाललंय, असं तिला वाटत होतं. नवऱ्याला, सिदूला, माळावर पुरलं तेव्हाही तिला असंच लांब उभं केलं होतं. नेमकं कुठं पुरलं, तेही दिसलं नव्हतं.

"अक्का," मकदूमनं विचारलं, "सिदूभाऊ घोंगड्या विणायचा न्हवं? माग कुटं होता?"

घोंगडीच्या मागाला जमिनीत मांडीएवढा खोल खड्डा लागतो. विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्याच्या तळाला टेकवून. ईश्वरप्पा हसले. खड्डा असता तर दिसला नसता का, म्हणाले.

चिमाबाई आत गेली. खिडकीपासून तीन पावलं मोजून खाली बसली आणि सारवणाचा पोपडा नखांनी उचकटला. खालची माती भुसभुशीत निघाली. खड्डा बुजवणाऱ्यानं ती चोपायचा कंटाळा केला होता. हात कोपरापर्यंत आत गेला. कड लागली; सिदूच्या पोटऱ्या घासून गुळगुळीत झालेली. मग मातीबरोबर काळ्या लोकरीचे धागे वर आले.

ईश्वरप्पा पानाची चंची शोधू लागले.

कारकुनानं यादीवर खूण केली. खोली बाईंचीच, किल्ली आजच द्या, असं सांगून तो पुढच्या घराकडे निघाला.

"अक्का, उठा की आता," मकदूम म्हणाला. "खोली मिळाली."

ती दोन्ही हातांनी माती बाहेर काढत राहिली.

"पटलं की त्यास्नी."

"व्हय," चिमाबाई म्हणाली. "तळ लागू द्या."